दुपारचे ऊन आणि गाडीची बॅटरी

गेल्या रविवारी दुपारी दीडच्या सुमारास मी गच्चीवर जाऊन सौर पॅनेलच्या काचेवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला, तेव्हा आकडा ६६ अंशांवर स्थिरावला. हवेचे तापमान ४४ अंश होते. खाली अंगणात कडुनिंबाच्या सावलीत आमची छोटी इलेक्ट्रिक गाडी त्याच पॅनेलच्या विजेवर चार्ज होत होती. जळगावच्या मे महिन्यात गच्चीवर पाच मिनिटे उभे राहणेही कठीण असते. पण हे आकडे वहीत उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि गेली अनेक वर्षे माझा मोकळा वेळ प्रामुख्याने याच वहीत गेला आहे.

आपल्याकडे एवढे रणरणते ऊन असल्यामुळे सौर वीज मेमध्येच सर्वाधिक मिळत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे ६६ अंशांवर सुमारे १४ टक्के वीज केवळ उष्णतेपायी कमी होते. माझ्या ३ किलोवॅटच्या संचातून दिवसाला सर्वाधिक युनिट मार्चमध्ये मिळतात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि हवा अजून तापलेली नसते. शिवाय धूळ आहेच. पॅनेल धुवायचे ते भल्या पहाटे, काच गार असताना; आणि बोअरचे क्षाराचे पाणी वापरले, तर ते फडक्याने लगेच टिपून घ्यावे लागते, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात.

हा नाद लागला तो भारनियमनाच्या काळात. खानदेशातल्या ज्या घरांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना वीज नसलेल्या उन्हाळी रात्री वेगळ्या सांगायला नकोत. मी तेव्हा ४० वॅटचे एक पॅनेल आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडून एक दिवा व एक लहान पंखा चालवला होता. मुलांच्या परीक्षा होत्या आणि त्या दिव्याखाली शेजारची दोन मुलेही अभ्यासाला येऊन बसत. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा तो पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्केच वीज करू शकत होता. आज माझ्या गच्चीवरचे पॅनेल २० टक्क्यांहून अधिक करते. ही वाढ मला कोणत्याही नव्या मोबाइलपेक्षा थोर वाटते.

गाडी घेतली ती बऱ्याच हिशेबानंतर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आमची जुनी पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर चालत असे, म्हणजे युनिटला अवघे दोन. बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि धुराड्यातून उष्णता होऊन जात असे. आताची गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर सहज जाते. हा फरक इंधनाच्या भावाचा नाही, यंत्राच्या गुणाचा आहे, आणि मला विजेच्या गाडीचे वेड लागले ते या एका आकड्यामुळे. विजेची गाडी हे कालपरवाचे फॅडही नव्हे: माणसाने जमिनीवरच्या वाहनातून ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, कामीय जेनात्झी या बेल्जियन माणसाने, विजेच्या गाडीतून. आपल्या देशात चेतन मैनी यांची रेवा बेंगळुरूच्या रस्त्यांवर २००१ मध्ये आली.

मात्र गाडीचा खरा परिचय मला चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटात झाला. गाडी आणि आम्ही चौघे मिळून वजन सुमारे १,४०० किलो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत फोनने दाखवलेला चढ जवळजवळ ३०० मीटर. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठी शुद्ध भौतिकशास्त्राप्रमाणे सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी ऊर्जा लागते; त्यात टायरांचे घर्षण आणि मोटरमधील तूट धरली, की हिशेब दोन युनिटांवर जातो. चढताना बॅटरी ८० टक्क्यांवरून ७१ वर आली, तेव्हा मागे बसलेल्या आईने काळजीने विचारले, ‘‘अरे, चार्जिंग असंच उतरत राहिलं तर पोचू ना आपण?’’ परतीच्या वाटेवर तिला मी पुढच्या सीटवर बसवले. माथ्यावर आकडा ५२ होता. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की मोटरच जनित्र बनते, गाडीला आवर घालते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पायथ्याशी ५४ आकडा दिसला, तेव्हा आईने तो दोनदा वाचून खात्री केली. दोन टक्के म्हणजे जेमतेम अर्धा युनिट, पण पूर्वीच्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जात असे आणि घाट उतरल्यावर करपल्याचा वास येत असे. ज्यांना माथ्यावरच्या गावी चार्ज करून खाली उतरायचे असेल, त्यांनी बॅटरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घ्यायला जागाच उरत नाही आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो.

एक अडचण मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण ती गावोगावी येते. यावल तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी गेल्या उन्हाळ्यात गाडी लावली आणि १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये चार्जर खोचला, तर त्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. सॉकेटमध्ये वीज होती. त्याच सॉकेटवर इस्त्री उत्तम चालत होती. दाजी म्हणाले, ‘‘तुमच्या गाडीलाच आमची वीज मानवत नाही, दुसरं काय!’’ वायरमनला बोलावले. त्याने टेस्टलॅम्प फेज आणि आर्थिंगमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यास वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेत, धरला, तर दिवा निखाऱ्यासारखा मंद लागला. घर बांधताना ज्याने वायरिंग केले होते त्याने आर्थिंगचा खड्डा केला होता खरा, पण त्यात कोळसा आणि मीठ पुरेसे घातले नव्हते. त्यात मे महिना. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, ओल नावालाही नाही. कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही. त्याने खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी सोडले आणि अर्ध्या तासाने चार्जरचा दिवा हिरवा झाला. फ्रीज आणि इस्त्री जो दोष वर्षानुवर्षे मुकाट चालवून घेतात, तो गाडीचा चार्जर पहिल्याच मिनिटाला दाखवून देतो, आणि हे त्याचे मोठे उपकार आहेत. त्या घरात लहान मुले आहेत आणि पाण्याची मोटर ओल्या ओट्यालगत आहे.

आता मूळ मुद्दा. ‘‘शेवटी वीज दीपनगरच्या कोळशाचीच ना?’’ हा प्रश्न मला भुसावळला गेलो की हटकून विचारला जातो; दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र तिथून जवळच आहे. प्रश्न रास्त आहे. आपल्या ग्रिडवरच्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे आज सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सात किलोमीटरला वाटला तर किलोमीटरमागे १०० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो, म्हणजे १८ किलोमीटरच्या सरासरीने किलोमीटरमागे सुमारे १२८ ग्रॅम. ग्रिडच्या विजेवरही गाडी पेट्रोलला मागे टाकते, पण थोडक्यात. हा फरक खऱ्या अर्थाने वाढतो तो गाडी रात्रीऐवजी दुपारी चार्ज केल्यावर. खानदेशात उन्हाची वाण कधीच नव्हती. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, ज्या सर्वाधिक फिरतात त्या नेमक्या पावसाळ्यात, पॅनेल ढगांखाली असताना. वीज आपल्या दारात तयार होते. आपण ती मागतो मात्र संध्याकाळी सातनंतर. म्हणून मी गाडी रात्री लावण्याची सवय मोडली. ऑफिसला स्कूटरने जातो आणि गाडी सकाळी दहा ते तीन अंगणात चार्जिंगला असते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी निदान रविवारची दुपार धरावी.

याच विचाराने सध्या माझे लक्ष दाजींच्या केळीच्या बागेतील सौर पंपाकडे लागले आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ४,८०० वॅटची पॅनेल असतात, म्हणजे माझ्या गच्चीच्या दीडपट. रात्री-बेरात्री टॉर्च घेऊन पंप सुरू करायला जाणे संपले, याचे समाधान बहिणीला सर्वांत जास्त आहे. परंतु पावसाळ्यात बागेला पाणी नको असते, तेव्हा पंप बंद राहतो आणि उघडिपीच्या दिवसांत पॅनेलवर पडलेले ऊन वाया जाते. आता असे कंट्रोलर मिळतात, ज्यांवर पंप बंद असताना कडबा कुट्टी किंवा पिठाची गिरणी चालते. गाडीसाठी एवढे पुरत नाही. पंपाच्या मोटरला जशी वीज चालते तशी गाडीच्या चार्जरला चालत नाही. त्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्थिर वीज लागते, म्हणून वेगळा इन्व्हर्टर आणि चांगले आर्थिंग हवे. इन्व्हर्टरची चौकशी मी करतो आहे. दाजींनी गड्याला सांगून विहिरीच्या बाजूला, जिथे बाराही महिने ओल असते तिथे, आर्थिंगसाठी नवा खड्डा खणायला घेतला आहे, आणि या खेपेला कोळसा व मीठ आपण स्वतः उभे राहून भरून घेणार, असे त्यांनी फोनवर आवर्जून सांगितले.