बंद नाय, उभी हा

कोकणात बंद घर उघडण्याचं एक शास्त्र आहे आणि ते आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही येतं. गणपतीच्या आधी चाकरमानी उतरतात, कुलपात खोबरेल सोडतात, पावसाने फुगलेल्या दाराला खांदा लावतात. मेन स्विच लगेच ओढायचा नाही, भिंतीत ओल असते. पंपाला आधी पाणी पाजायचं. सरपणात हात घालायचा नाही, विंचू असतो. अंथरुणं खळ्यात (म्हणजे घरापुढच्या अंगणात), कोळिष्टकं केरात, आणि दिवेलागणीपर्यंत घर माणसात येतं.

बंद गाडीचं असलं काही शास्त्र मात्र कुणाकडे नव्हतं. आणि बाबांच्या मते त्याची गरजही नव्हती, कारण गाडी बंद नव्हतीच.

"बंद नाय गो, उभी हा," ते म्हणाले.

ही उभी असलेली गाडी म्हणजे १९९६ सालची पांढरी मारुती ८००. देवगडहून कुणकेश्वरकडे जाताना आमची वाडी लागते. तिथे घरामागे जांभ्याच्या चिऱ्यांचा मांगर आहे. पूर्वी त्यात बैल असायचे, मग आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मग मारुती. गाडी घेतली तेव्हा कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावायला दीड-दोन वर्षं होती. मे महिन्यात मागची सीट काढून तिथे हापूसच्या पेट्या रचायच्या आणि कशेडी घाटातून मुंबई गाठायची, हा बाबांचा उद्योग. शाळेत गणित शिकवणारे गुरुजी सुट्टीत आंबा व्यापारी व्हायचे. ७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलेंडर, बारा इंची चाकं. एवढ्याशा जिवावर त्यांनी काय काय लादलं हे मोजायला नको. एकदा तर आजीला, तिच्या लोखंडी ट्रंकेला आणि जावयासाठी घेतलेल्या फणसाला एकाच फेरीत बोरिवलीला पोचवलं होतं. फणस पुढच्या सीटवर होता.

२०१९च्या दिवाळीनंतर गाडी मांगरात गेली. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती राखू. बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं की आता गाडीला जरा विश्रांती.

सहा वर्षांनी, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत, मी मांगराचं दार ओढलं. गाडीवर नारळीची झापं घातलेली होती. ती काढली आणि मी तिथेच थबकले. गाडी जमिनीवर नव्हती. चारी बाजूंना नीट रचलेल्या चिऱ्यांवर चढवून ठेवली होती, चाकं जमिनीपासून चार बोटं वर. हवा गेलेल्या टायरवर वजन वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं की टायर तिथे चपटा होतो, हे बाबांना ठाऊक होतं. हँडब्रेक ओढलेला नव्हता, कारण ओढून ठेवला तर मागचे ब्रेक शू गंजून ड्रमलाच चिकटतात. बॅटरीच्या वायरी सुट्या, टोकांना व्हॅसलीन. काचा बोटभर खाली, आत ओल कोंडू नये म्हणून. (उंदीर त्याच फटीतून शिरले, हे आईचं मत. उंदराला मारुतीत शिरायला काच लागत नाही, हे बाबांचं.) आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ. टाकी रिकामी ठेवली तर आत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं, पत्रा आतून गंजतो. तेही बरोबरच.

पण मला त्यात एक गोम दिसली. टाकी भरून ठेवणारा माणूस दोन-चार महिन्यांत परतणार असतो. गाडी चिऱ्यांवर चढवणारा माणूस नसतो. आणि ही दोन्ही कामं एका माणसाने एकाच दिवशी केली होती.

हे मी बाबांना विचारलं नाही. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. आम्ही थेट मेस्त्री बोलावतो.

मेस्त्री जामसंड्याचा, पन्नाशीचा, हल्ली जास्त करून रिक्षा आणि स्कूटर बघतो. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर उघडता येणारा हात आता शोधावा लागतो. नव्या गाड्यांना पोरं आधी संगणक लावतात. याच्या बाबतीत आणखी एक विशेष म्हणजे आठवीत बाबांनी त्याला गणितात नापास केला होता. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं. स्क्रूड्रायव्हर आत गेला. समुद्र आमच्यापासून किलोमीटरभर. आमच्याकडे पत्रा नुसता गंजत नाही, पिकतो. बोट लावलं की कळतं आतून गेलाय. मेस्त्रीने पुन्हा कुठे टोचलं नाही. खळ्यात खुर्ची टाकून बसलेल्या बाबांकडे बघून म्हणाला, "गुर्जीनू, आज पेपर माझो हा."

"चल, सोडव," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं, नवी बॅटरी आणली की किल्ली फिरवायची आणि बघायचं. मेस्त्री म्हणाला, असं करणारे लोक इंजिन फोडून ठेवतात. सहा वर्षांत सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं. त्यात आमची हवा. पिस्टनच्या रिंगा गंजून धरून बसलेल्या असतात. स्टार्टरने त्यांना एकदम हिसका दिला तर काहीतरी तुटतं. त्याने तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे तेल सोडलं आणि हात पुसत म्हणाला, "उद्या येतंय."

एवढंच. मला हे फार आवडलं. तेलाला मुरायला रात्र द्यायची. लोणच्यालाही आपण देतोच की.

दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावला. पहिल्यांदा काहीच नाही. मग थोडं मागे, थोडं पुढे. घट्ट बरणीचं झाकण उघडताना आपण जसं आधी मन वळवतो, तसं. आणि आतून 'चुक' असा ओला आवाज आला. पाना सरकला. बाबा खुर्चीत सावरून बसले. नंतर मेस्त्रीने मला हाताने इंजिनाचे चार-पाच पूर्ण फेरे मारायला लावले. गाडी मी पंधरा वर्षं चालवतेय, पण इंजिन हाताने फिरवल्यावर आतला अडसर आणि सैलपणा तळव्याला कळतो, हे पहिल्यांदाच समजलं.

मग सुरू झाली खरी साफसफाई. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत पेंढा, सीटचा फोम, बाबांच्या कुठल्यातरी उत्तरपत्रिकांचे तुकडे आणि वातीचा कापूस.

"आवशीक खाव, ह्येनी तर संसार मांडलो हा!" मेस्त्री ओरडला. पेंढा आमच्याच पेट्यांतला. आंब्याच्या अढीचा तो जुना, उबट वास त्याला अजून होता. आईने लगेच वातींवर हक्क सांगितला. देव्हाऱ्याच्या फडताळातला कापूस कुठे जातो हे कोडं तिला सहा वर्षं सुटलं नव्हतं. कुंभारीण माशीने तर दिसेल त्या भोकात मातीची घरटी लिंपली होती: किल्लीचं भोक, काच धुण्याच्या पाण्याची नळी, टाकीला हवा मिळायची बारीक नळीसुद्धा. ही शेवटची नळी बुजली की गाडी सुरू होऊन चार मैलांवर बंद पडते आणि कारण कुणाला सापडत नाही. मेस्त्रीला सापडलं. बाबांनी ऐकून नुसतं 'हं' केलं. आठवीचे दोन गुण तिथेच वाढले असावेत.

टाकीतलं पेट्रोल काढलं, ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. वास पेट्रोलचा नव्हताच, जुन्या रंगाच्या डब्याचा होता. पेट्रोल नासतं, हे शहरात कळत नाही, कारण तिथे ते कधी एवढं टिकतच नाही. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत राळ होऊन बसतं. मेस्त्रीने सगळा कार्बोरेटर परातीत सोडवला. आईची परात. जेट, म्हणजे ती बारीक भोकांची पितळी तोंडं, फुंकून साफ केले. एकात वायरीची तार घालायला गेला तेव्हा बाबांनी खुर्चीतूनच हटकलं, पितळेचं भोक तारेने मोठं होतं म्हणून. त्यांना तार दिसली नसणार. फुंकण्याचा आवाज थांबला, एवढंच ऐकलं असेल.

नवं पेट्रोल आणलं त्याची वेगळी कथा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही. कोकणात हवेतलं पाणी ओढायला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. कणकवलीहून येताना मी ब्रेक ऑइल, बॅटरी, प्लग आणि पट्टे आणले. बिल बघून मी क्षणभर विचार केला की एवढ्यात सेकंडहँड... पण तो विचार बाबांसमोर उच्चारायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळल्यावर मी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "आदी थांबता काय ता बघ. चालाचा मागसून."

खरं होतं. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक जाम झाला होता, मागच्या ब्रेकच्या सिलेंडरमधून ऑइल झिरपत होतं. ब्रेक ऑइलही पाणी शोषतं आणि ते पाणी मग लोखंड आतून खातं. त्यात आणखी दीड दिवस गेला. तो दीड दिवस सांगण्यासारखा नाही. वंगण, शिव्या आणि चहा.

शेवटी गाडी चिऱ्यांवरून खाली उतरली. नवी बॅटरी असताना ढकलायची काही गरज नव्हती, पण शेजारचे चार जण आपणहून आले होते आणि मारुती सुरू होणार म्हणजे धक्का हवाच, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ती ढकलत खळ्यात, आंब्याखाली आणली. टाकीवर मेस्त्रीचा अजून विश्वास नव्हता. त्याने पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून बाटली बॉनेटला टांगली आणि नळी पंपाला जोडली. गाडीला सलाईन लावलं. आधी प्लग काढूनच स्टार्टर मारला, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग बसवले, चोक ओढला आणि म्हणाला, "ताई, मारा."

कुरकुर. कुरकुर. खोकला. परत कुरकुर. मग सायलेन्सरमधून मातीचं एक ढेकूळ बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि थेट तुळशीच्या कट्ट्यावर आपटलं. कोंबड्या उधळल्या. पाठोपाठ निळसर पांढऱ्या धुराचा लोट आला. आतलं तेल जळत होतं. आणि त्या धुरात गाडी सुरू होती. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला, तिथे काळा पट्टा उमटला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान जराशी तिरकी केली होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता, पेपर तपासतानाची नापसंती होती.

"दोनारच चालता," ते म्हणाले.

मेस्त्रीने इंजिनावर कान धरला. एकेक प्लगची वायर उपसून पाहिली. पहिली काढली, इंजिन दचकलं. दुसरी काढली, दचकलं. तिसरी काढली, काहीच फरक नाही; म्हणजे तिसरा सिलेंडर पेटतच नव्हता. वायर उलटी करून पाहिली तर खालून उंदराने कुरतडलेली. वायर बदलली. पुन्हा किल्ली. आता तो सलग, मऊ, जरासा घरघरणारा आवाज आला. पहाटे तीन वाजता पेट्यांनी भरलेल्या गाडीत मी आईच्या मांडीवर झोपायचे तेव्हाचा.

"तीन," बाबा म्हणाले, आणि चहा मागितला.

रस्त्यावर मात्र ती अजून जाऊ शकत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते, ती पाच वर्षांपुरती मिळते. आमची शेवटची मुदत २०२१ मध्ये मांगरात उभ्या-उभ्याच संपली. पूर्वी त्याचे ६०० रुपये लागायचे, २०२२पासून ५००० झाले आणि वीस वर्षांवरच्या गाडीला आता त्याच्या दुप्पट. शिवाय पिकलेला पत्रा तपासणीत कसा टिकेल, हा प्रश्न आहेच. म्हणून तूर्त खळ्यातच. मी आंब्यापासून विहिरीपर्यंत नेली, मागे आणली. बाबा शेजारच्या सीटवर बसले होते. विहिरीजवळ ब्रेक दाबला तेव्हा त्यांचाही उजवा पाय दाबला गेला.

निघताना मेस्त्री सांगून गेला, आठवड्याला एकदा तरी वीस मिनिटं उघड्यावर चालू ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला परत परात काढावी लागेल. मी म्हटलं, मी डोंबिवलीत, कोण करणार? बाबा म्हणाले, किल्ली फिरवायला डोळे लागत नाहीत.

तेव्हापासून दर आयतवारी सकाळी दहाला माझा फोन वाजतो. पलीकडे हॅलो नसतं. आधी आई धुराबद्दल काहीतरी बोलत लांब जाते आणि मग फोन बॉनेटजवळ धरलेला असतो. मी ऐकते. बाबा मध्येच विचारतात, "किती?" मी सांगते, "तीन."

गेल्या आयतवारी मी नीट कान देऊन ऐकलं आणि म्हटलं, "बाबांनू, दोनच येतायत."

जरा वेळ नुसताच इंजिनाचा आवाज.

"तुझो फोन बदल," ते म्हणाले. फोन ठेवण्याआधी मला ऐकू आलं, ते आईला सांगत होते, मेस्त्रीला निरोप धाड आणि कापसाचं फडताळ बघ.