पंप दोनदा उतरला, हवा शिरत होती फिल्टरपाशी

डिझेल गळत होतं म्हणून गाडी दुरुस्तीला दिली होती. इंजेक्शन पंपाचे (डिझेल दाबाने नोझलकडे पाठवणाऱ्या पंपाचे) सील, डिझेल फवारणारी चारही नोझल, फिल्टर आणि रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) पाइप बदलून गाडी हातात आली. डिझेलची गळती थांबली होती. पण सिग्नलला उभं राहिलं की इंजिन इतकं थरथरायचं की आरशात मागचं काही दिसायचं नाही. रेस दिली की सगळं सुरळीत. पाय काढला की पुन्हा थरथर, आणि मधूनच आवाज बसायचा, आता बंद पडणार असं वाटायचं, तेवढ्यात इंजिन सावरायचं.

"नवीन नोझल आहेत, चार-पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल," असं मला सांगितलं गेलं. हे वाक्य मला अजून खुपतं. नोझल किती दाबाला उघडतं, फवारा कसा पडतो, टोकाला थेंब धरतो का, हे बसवण्याआधी बेंचवरच, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, कळतं. नव्या स्प्रिंगचा दाब वापरात किंचित उतरतो, हे खरं. पण त्याने इतकी थरथर येतही नाही आणि जातही नाही. मी मात्र विश्वास ठेवून पाचशे किलोमीटर चालवली.

मग पंप उतरवला. आठ दिवस थांबलो. बेंचवर ओके. परत बसवला, थरथर तशीच. पुन्हा उतरवला, पुन्हा आठ दिवस, पुन्हा ओके. दुसऱ्या वेळी गाडी घेऊन निघालो तेव्हा थरथर कमी वाटली म्हणून बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू फिरवून आठशेचे आरपीएम हजारावर नेऊन ठेवलेत. दोष तिथेच होता, फक्त झाकला होता. पंपाच्या कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी रंगाने खूण करा आणि किती फेरे फिरवले ते लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला लावू देत असाल तर आधी खूण कराच. माझ्याकडे खूण नव्हती.

इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. चार सिलिंडर, प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं), एकाच पंपातून चारही नोझलना आळीपाळीने डिझेल देणारा रोटरी पंप. स्कॅनर लावून काही कळण्याची सोय नाही. वेगळा फीड पंपही नाही. टाकीतून डिझेल ओढण्याचं काम इंजेक्शन पंपच करतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते. तिथे कुठे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, सगळं कोरडं ठणठणीत. गळती शोधणारा माणूस ओल शोधतो आणि इथे ओल नसतेच.

आयडललाच का? एका वेळी नोझलमधून जाणारं डिझेल तेव्हा काही घन मिलिमीटर असतं, एका थेंबापेक्षा कितीतरी कमी. त्यात बारीकसा बुडबुडा आला तरी तो फटका अर्धवट जातो. रेस दिल्यावर डिझेलचं माप वाढतं, फटके जवळजवळ पडतात, मग तेवढा फरक जाणवत नाही.

आधी मी जुनी पद्धत वापरली: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट पाव फेरा ढिला करायचा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर इंजिन आणखी खाली बसतं तो काम करतोय. ज्याने काहीच फरक पडत नाही तो आजारी. पहिल्या दिवशी तिसरा आजारी निघाला. दुसऱ्या दिवशी पहिला. संध्याकाळी चारही ठीक. मी वैतागून गेलो, पण उत्तर त्यातच होतं. बिघाड एका सिलिंडरचा असेल तर तो जागा बदलत नाही. आठशे आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो, म्हणजे एकच बंद असेल तर सेकंदाला सहा-सात ठराविक धक्के बसतात, ताल धरून. माझ्या गाडीला ताल नव्हता. (हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर, तेही चष्मा, हातमोजे आणि नटावर जाड फडकं ठेवून. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. घुसलं तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टर गाठायचा. कॉमन रेलवर, म्हणजे नव्या संगणकाने चालणाऱ्या डिझेल इंजिनांवर, हा प्रयोग कधीच करू नका.)

मग पारदर्शक पाइप आणला. पहिल्यांदा तो रिटर्नवर लावला आणि बुडबुडे बघून पुन्हा पंपावरच संशय घेतला. रिटर्नमध्ये थोडा फेस दिसतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. पाइप लावायचा तो पंपाच्या तोंडाशी, डिझेल आत जातं तिथे. तिथे लावला तेव्हा दर दोन-चार सेकंदांनी एक बुडबुडा जाताना दिसला. बुडबुडा गेला की क्षणभराने इंजिन अडखळायचं. इतके आठवडे जे नुसतं ऐकत होतो ते आता डोळ्यांनी दिसत होतं.

आता हवा कुठून येते एवढंच शोधायचं होतं. पुढचे बारा दिवस त्यातच गेले.

एका स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घेतलं, बॉनेटच्या कडेला उंच टांगलं, आणि पंपाची इनलेट व रिटर्न दोन्ही त्यात सोडली. टाकी नाही, फिल्टर नाही. दहा मिनिटांत इंजिन शांत झालं. पंप निर्दोष होता. बेंचवाले बरोबर सांगत होते. पण पंपापर्यंत डिझेल कसं येतं हा एक प्रश्न कुणीतरी विचारला असता तर तो दोनदा उतरवावा लागला नसता.

मग मधे फिल्टर जोडला, कॅन तसाच वर टांगलेला. इंजिन शांतच. मी ठरवून टाकलं की फिल्टर चांगला आहे, दोष टाकीच्या बाजूला. टाकीपासून फिल्टरपर्यंतचे रबरी पाइप बदलले, क्लिपा बदलल्या, टाकीतली उचल-नळी काढून तपासली. सगळं परत जोडलं आणि गाडी चालू केली, तर बुडबुडे आणि थरथर जशीच्या तशी.

चूक कॅनच्या उंचीत होती. कॅन पंपाच्या वर टांगला की डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, लाइनमध्ये ओढ राहत नाही, मग फट असूनही हवा आत शिरत नाही. टाकी खाली असते. कॅनही खाली, टाकीच्या पातळीला ठेवायला हवा होता. ठेवला, फिल्टर मधे तसाच, आणि दोन मिनिटांत बुडबुडे सुरू झाले. फिल्टर काढून पाइप थेट जोडला, ते थांबले.

पण फिल्टरवर नेमकं कुठे? नवीन कार्ट्रिज, नवीन रिंग, तळाचा पाणी काढायचा स्क्रू, दोन बँजो (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट), वरचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप). इथे वर टांगलेला कॅनच उपयोगी पडला. उंचीमुळे लाइनमध्ये आतून दाब येतो, आणि जिथून हवा आत येते तिथून डिझेल बाहेर यायला हवं. इंजिन बंद करून फिल्टर कोरडा पुसला, भोवती पांढरा कागद गुंडाळला आणि रात्रभर ठेवला. सकाळी प्रायमरच्या दांड्याखाली कागदावर नखाएवढा डाग होता.

खात्री करायला प्रायमरच्या गळ्याभोवती घट्ट ग्रीस थापलं, कॅन पुन्हा खाली ठेवला आणि गाडी चालू केली. पंधरा मिनिटं एकही बुडबुडा नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि नुसतं ते इंजिन ऐकत राहिलो.

प्रायमरचं सील जुनंच होतं. बाकी सगळं बदललं, ते कुणी बदललं नाही. आणि दुरुस्तीनंतर एअर काढण्यासाठी तोच प्रायमर मी पन्नास-साठ वेळा दाबला होता. वर्षानुवर्षं न हललेलं कडक रबर त्या दाबण्यानेच गेलं असणार. प्रायमर नवा बसवला. सकाळी स्टार्टर लांबवर फिरवावा लागायचा तेही थांबलं, कारण रात्री त्याच फटीतून हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरत होतं. मी मात्र ते बॅटरीवर ढकलत होतो.

त्यानंतर एक हलकी थरथर उरली, पण आता तालात. नटाचा प्रयोग पुन्हा केला आणि तीन वेळा एकच उत्तर आलं: तिसरा सिलिंडर. नोझल काढलं तर भोकाच्या तळाशी जुना वॉशर चिकटलेला आणि त्यावर नवा. नोझल तेवढं वर बसलं होतं. जुना टोकदार हुकाने काढला, बैठक साफ केली, नवा वॉशर टाकला. हा वॉशर एकदाच वापरायचा असतो आणि त्याला वरची-खालची बाजू असते. नोझल बाहेर असतील तेव्हा चारही भोकांत टॉर्च मारून बघा, आणि निघालेले जुने वॉशर मोजा. चार निघाले पाहिजेत.

टायमिंग, म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी फवारलं जातं ते, शेवटी तपासलं, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावून. पंप दोनदा उतरला होता म्हणून ते करणं भागच होतं, पण लाइनमध्ये हवा असताना टायमिंगच्या मागे लागलो असतो तर आणखी एक गोष्ट बिघडवून ठेवली असती. फरक अगदी थोडा निघाला. मग इंजिन पूर्ण गरम करून आयडलचा स्क्रू मागे घेतला, आठशेला आणला, आणि त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली.