तुम्ही विचारलंत म्हणून : तुर्कांच्या कैदेतले पणजोबा

साताऱ्या-रत्नागिरीकडची मंडळी मला हमखास विचारतात, ‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या कैदेत होते म्हणे. काही ठावठिकाणा लागेल का?’ भरपाई मिळेल का, हेही कुणीतरी हळूच विचारतं. त्यासाठी शोधत असाल तर राहू द्या.

ठावठिकाणा लागतो. पण नुसतं नाव घेऊन निघालात तर भटकाल. एकेका कंपनीत जाधव, शिंदे, पवार किती असतील याचा अंदाज करा. शिपायाचा नंबर आणि पलटण शोधा आधी.

तुर्कांची कैद म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा इराकमधलं कुत-अल-अमारा निघतं. ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५मध्ये टायग्रिसच्या वळणावर वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडात घातलं नाही. जवळ थोडं पीठ, भाजीचा पत्ता नाही. स्कर्व्हीनं माणसं खंगली. अशा अवस्थेत त्यांना बगदादमार्गे उत्तरेकडे पायी हाकललं आणि पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. कित्येक वाटेतच गेले.

घरात सांगतात, ‘पणजोबा पाचव्या मराठात होते.’ इथेच गोची होते. १९२२मध्ये पलटणींचे आकडे बदलले आणि सगळ्या मिळून ‘पाचवी मराठा’ रेजिमेंट झाली. १०३ तिची पहिली बटालियन, ११० तिसरी, ११७ पाचवी. कुतच्या कागदांत मात्र जुनाच आकडा असणार.

तो आकडा बहुधा तुमच्याच घरात आहे. ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यात चांदीचं पदक असेल, राजाचं तोंड असलेलं, तर समोरून बघू नका. आडवं धरून कडेवर भिंग लावा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. आणि कृपा करून ते चिंचेनं घासू नका. दिवाळीला घासून घासून अक्षरं गेलेली पदकं मी पाहिली आहेत. सोनाराकडे मोडीत गेलेल्यांची तर गणतीच नाही. बशीएवढी काशाची चकती निघाली, बाई आणि सिंह कोरलेली, तर माणूस युद्धात गेला असं समजा. तिच्यावर फक्त नाव असतं.

गेला असेल तर युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. हिंदी शिपायांच्या नोंदीत बरेचदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसा. म्हणून गावाचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाका. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मात्र ते नाव कोरलेलं असेल ही आशा धरू नका. तिथे गोऱ्यांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा घातला. मला याचा राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

माणूस जिवंत परतला असेल तर काम अवघड. मेलेल्यांची यादी होते, परतलेल्यांची कोण करतो? जिनिव्हाच्या रेड क्रॉसची त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं आता इंटरनेटवर आहेत, ती चाळा. पण कार्ड मिळालं नाही म्हणजे पणजोबा कैदेत नव्हते, असं ठरवून मोकळे होऊ नका.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला पत्र लिहाल तेव्हा नंबर, जुनी पलटण, बापाचं नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका लिहा. आडनाव शेवटी लिहिलंत तरी चालेल.