चेरी क्रीकच्या काठावरची पहिली शाळा

लेकीकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला आलेय. आज नातवाला शाळेत सोडून चेरी क्रीक नावाच्या ओढ्याच्या कडेने चालत ऑरारियापर्यंत गेले. आता तिथे कॉलेजांचा मोठा परिसर आहे. पण १८५८ मध्ये याच भागात सोनं सापडल्याची आवई उठली आणि माणसं लोटली. तंबू, ओंडक्यांच्या खोल्या, दारूचे गुत्ते. सोनं शोधायला आलेल्यांना शाळा कुठून आठवणार?

आठवली ती ओवेन गोल्ड्रिक नावाच्या आयरिश माणसाला. म्हणे हा गडी बैलगाडी हाकत गावात शिरला तो रेशमी टोपी आणि लांब कोट घालून, बैलांना चक्क लॅटिनमध्ये शिव्या देत! (दंतकथाच असेल, पण मला फार आवडली.) ३ ऑक्टोबर १८५९ला त्याने एका ओंडक्यांच्या खोलीत 'युनियन स्कूल' उघडली. मुलं १३, त्यांत मेक्सिकन आणि मूळनिवासी घरांतलीही. छत मातीचं, पाऊस आला की वर्गात गळती. आमच्या गावची चौथीपर्यंतची शाळा आठवली, पावसाळ्यात बादल्या ठेवायचो.

खास शाळेसाठी म्हणून कोलोरॅडोत पहिली इमारत उभी राहिली ती मात्र इथे नाही, शेजारच्या बोल्डरमध्ये, १८६०ला.

१८६४ मध्ये याच ओढ्याला भयंकर पूर आला. आज पाणी घोट्याइतकंच होतं. शाळेतून परत आणताना नातवाला ही गोष्ट सांगितली, तर विचारतो, "आजी, लॅटिनमध्ये शिवी कशी देतात?"