झाकण उघडायची घाई

तव्यावरचं काहीही आपण डोळ्यांनी भाजतो. कडा सुटल्या, रंग आला, उलटलं. वॉफल मेकरचं झाकण एकदा खाली आलं की मात्र आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे झालं, असं मशीनचं म्हणणं. मी मशीनचं ऐकत नाही, वाफ बघते. आधी फटीतून जोरात लोट येतो, मग तो विरळ होतो आणि जवळजवळ थांबतो. पाणी उडालं, आता कुठे कुरकुरीतपणा यायला लागेल. त्याआधी उघडलंत तर वॉफल आडवं फाटून अर्धं वर चिकटतं, अर्धं खाली.

मैद्याचं वॉफल हा उतावळेपणा थोडाफार चालवून घेतं, कणकेचं नाही. कोंडा पाणी पितो, पण सावकाश. फेटल्याफेटल्या ओतलं तर दाताखाली रवाळ लागतं. वीसेक मिनिटं झाकून ठेवलं की मऊ पडतं आणि घट्टही होतं, मग थोडं ताक घालून सैल करायचं. सोडा त्यानंतर. आधी घातला तर ताकाशी त्याची जी काय खळबळ व्हायची ती भांड्यातच होऊन जाते. कोंड्याचे कण ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागेही तोडतात, त्यामुळे अशी वॉफल्स फुगायला कां-कूं करतात. अंड्यातलं पांढरं वेगळं फेसून अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळलं की तो प्रश्न बराचसा सुटतो.

एक मात्र करू नये. हे वॉफल 'पौष्टिक' म्हणून कुणापुढे ठेवू नये. समोरचा लगेच तोंड वाकडं करायच्या तयारीने बसतो. त्यात पौष्टिकतेच्या नादात लोणीही कमी केलेलं असतं, म्हणजे कुरकुरीतपणा गेलाच. वास्तविक अख्ख्या गव्हाला स्वतःची चव आहे. अंकुरात तेल असतं, त्याचा खमंगपणा भाजताना उतरतो. त्याच तेलामुळे जुनं पीठ खवट होतं, म्हणून पीठ ताजंच हवं.

पूर्वी युरोपात लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यात पीठ दाबून ते विस्तवावर धरत. त्यांनाही आतलं दिसत नव्हतंच. १८६९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी चुलीवर ठेवायच्या वॉफल-साच्याचं पेटंट घेतलं, झाकण तसंच राहिलं. झाकणाने खरा इंगा दाखवला तो बिल बॉवरमन यांना. ओरेगनमधले हे धावण्याचे प्रशिक्षक. बुटांच्या तळव्यांना पकड यावी म्हणून १९७१ च्या सुमारास त्यांनी बायकोच्या वॉफल मेकरमध्ये चक्क युरेथेन, म्हणजे रबरासारखं घट्ट होणारं रसायन, ओतलं. ते उघडेचना! पुढे त्याच कल्पनेतून नायकीचे वॉफल-तळव्यांचे बूट आले. त्यांच्या घरच्या नाश्त्याचं काय झालं, ते वेगळं.

निघालेलं वॉफल बशीत ठेवू नये, जाळीवर ठेवावं. बशीत खालची वाफ कोंडते आणि इतक्या वेळ वाट बघून मिळवलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत ओला होतो. उरलीच तर फ्रीझरमध्ये टाकून नंतर टोस्टरमध्ये गरम करता येतात. पण सगळ्यांनी एकदम खायला बसायचा हट्ट सोडावा. ज्याचं निघेल त्याने खावं. करणारीचं सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगू का, ते बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं असतं. तोवर पत्रे नीट तापलेले असतात आणि कोंडा पुरता भिजलेला असतो. हे मी जेवणाऱ्यांना सांगत नाही.