सरांचा चित्रगुप्त

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे पत्र आले तेव्हा मी एका कारखान्याच्या हिशेबतपासणीसाठी परगावी होतो. त्या रात्री लॉजच्या खोलीत बसून आठवू लागलो, तर शाळेची दहा वर्षे बाजूलाच राहिली आणि डोळ्यांपुढे आले ते खेळाचे सर आणि त्यांच्या काखेतले पुठ्ठ्याच्या बांधणीचे स्कोअरबुक. प्रार्थना, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी सरांविषयी लिहिणार आहे, आणि माझ्यापुरते सरांविषयी लिहायचे म्हणजे पारस खडकाविषयी लिहावे लागते. हा दहा वर्षे नेपाळच्या क्रिकेट संघाचा कर्णधार होता. सरांनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले नाही आणि त्याला तर सर ठाऊक असण्याचे कारणच नाही. तरीही माझ्या कपाटातल्या एका दोनशेपानी वहीत ते दोघे एकत्र नांदत आहेत.

माझे वडील नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडील अछाम जिल्ह्यातले. शाळेच्या मागच्या सोसायटीत ते रखवालदार होते आणि गेटाजवळच्या खोलीत आम्ही चौघे राहत होतो. वडिलांना सारी सोसायटी बहादूर म्हणे, त्यामुळे वर्गातही माझे नाव बहादूरच पडले. मराठी मला गल्लीनेच शिकवली होती, पण नावाच्या बाबतीत गल्लीपुढे माझे काही चालत नसे. पाचवीत असताना सरांनी कवायतीच्या तासाला हजेरी घेतली आणि माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता उच्चारले. पोरे हसली, तेव्हा सरांनी तेच नाव पुन्हा एकदा, जरा सावकाश घेतले.

मला खेळता येत नव्हते, हे येथे मान्य केलेले बरे. चेंडू आला की डोळे मिटत. सातवीत सरांनी मला मैदानावरून उचलून बाकावर बसवले आणि माझ्या मांडीवर स्कोअरबुक ठेवले. तेव्हापासून मी सरांचा चित्रगुप्त. “काय चित्रगुप्त, पाप-पुण्य जुळले का?” असे ते डाव संपल्यावर विचारत. फलंदाजांच्या धावांत जादा धावा मिळवून येणारी बेरीज आणि गोलंदाजांच्या रकान्यांचा ताळा जुळला नाही, तर ते कोणालाही घरी सोडत नसत.

आंतरशालेय स्पर्धेतल्या एका सामन्यात आपण दोन गडी राखून जिंकलो. मी उत्साहाच्या भरात खेळायला न आलेल्या शेवटच्या फलंदाजापुढे शून्य लिहून टाकले. सरांनी ते पाहिले आणि काही न बोलता माझ्या कंपासपेटीतले अर्धे ब्लेड मागितले. शाईचे ते शून्य त्यांनी कागद फाटू न देता हलक्या हाताने खरवडले, फुंकर मारली, अंगठ्याच्या नखाने कागद घोटून पुन्हा गुळगुळीत केला आणि त्या जागी बारीक अक्षरात ‘फलंदाजी केली नाही’ असे लिहिले. मग म्हणाले, “शून्य मिळवायलासुद्धा मैदानात जावे लागते. ज्याला बोलावलेच नाही, त्याच्या नावावर तू शून्य कसे मांडतोस?” प्रसंग एवढाच. आज ताळेबंद तपासताना रिकाम्या रकान्यात कोणी सहज शून्य भरलेले दिसले की माझा हात अजूनही ब्लेड शोधतो.

२००४ च्या फेब्रुवारीत, दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेले असताना, सरांनी मला वर्गाबाहेर बोलावले. बांगलादेशात एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक चालू होता आणि त्यात नेपाळचा संघ होता. वर्तमानपत्राच्या खेळ पानावर, अगदी तळाशी, बोटभर जागेत एक धावफलक छापला होता. तो कापून सरांनी आपल्या खिशात जपून आणला होता. नेपाळ क्रिकेट खेळते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे त्याच संघातल्या पारस खडकाची जन्मतारीख हाती लागली, २४ ऑक्टोबर १९८७, काठमांडू. म्हणजे तो माझ्याहून जेमतेम दोन महिन्यांनी मोठा. सरांनी दोनशेपानी वही आणून दिली आणि सांगितले की, ह्यात एकाच माणसाचा हिशेब ठेवायचा, जमेचा आणि खर्चाचाही. परीक्षेच्या तोंडावर असला उद्योग लावणारा शिक्षक आजच्या पालकांना चालला असता का, कोण जाणे.

वहीची पहिली काही वर्षे विरळ आहेत. २००६ मध्ये श्रीलंकेत झालेल्या पुढच्या युवा विश्वचषकात नेपाळने न्यूझीलंडला हरवून प्लेट चषक जिंकला, त्या पानावर मी लाल शाईने चौकट काढली आहे. २००९ मध्ये खडका वरिष्ठ संघाचा कर्णधार झाला. त्या काळी लहान देशांना जागतिक क्रिकेट लीगच्या पायऱ्या चढाव्या लागत आणि नेपाळ पाचव्या विभागात होता. २०१० मध्ये काठमांडूत पाचवा विभाग, २०१२ मध्ये मलेशियात चौथा, २०१३ मध्ये बर्म्युडात तिसरा, असे तिन्ही त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले गेले. सरांना ही रचना फार आवडे. ह्या शाळेत इयत्ता उलट्या मोजतात, असे ते म्हणत. २०१० च्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात आपल्याच प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या आणि खेळ थांबवावा लागला. मला ते वहीत लिहायचे नव्हते, परंतु सरांनी दूरध्वनीवरून विचारून खात्री करून घेतली की मी ते लिहिले आहे.

मार्च २०१४ मध्ये बांगलादेशात टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. १६ तारखेचा हाँगकाँगविरुद्धचा सामना वडिलांच्या केबिनमधल्या छोट्या टीव्हीवर आम्ही पाहिला. आजूबाजूच्या इमारतींचे पाचसहा रखवालदार दाटीवाटीने उभे होते आणि एकुलत्या एका स्टुलावर सर बसले होते. नेपाळने १४९ धावा केल्या, त्यात ज्ञानेंद्र मल्लच्या ४८ आणि खडकाच्या ४१. मग शक्ती गौचनने ९ धावांत ३ बळी घेतले आणि हाँगकाँगचा डाव ६९ धावांत आटोपला. खडकाने स्वतः चेंडू हाती घेतला आणि आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय चेंडूवर बळी मिळवला, तेव्हा केबिनची पत्र्याची भिंत एवढी दणाणली की सोसायटीचे सचिव खाली उतरून आले. त्या संघात शरद वेसावकर नावाचा फलंदाज होता. हे नाव पडद्यावर आले की सर माझ्याकडे वळून म्हणत, “अरे, हा तर आमच्या वेसाव्याचा दिसतो!” पुढे नेपाळने अफगाणिस्तानलाही ९ धावांनी हरवले आणि गुणांत बांगलादेशची बरोबरी केली, परंतु निव्वळ धावगतीने, म्हणजे षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या फरकाने, घात केला. वडिलांना धावगती समजावून देण्यात सरांचा एक तास गेला, तरी त्यांना ती अन्यायाचीच वाटत राहिली.

एप्रिल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नेपाळची क्रिकेट संघटना निलंबित केली. बाहेरचा हस्तक्षेप हे त्याचे कारण होते. खेळाडूंना खेळण्याची मुभा राहिली, म्हणजे संघ होता आणि त्याच्यामागे संघटना नव्हती. ही अवस्था साडेतीन वर्षे चालली, आणि माझ्या मते खडकाची खरी कर्णधारी ह्याच काळात दिसली. धावा करणारे फलंदाज अनेक असतात. घराचे छप्पर उडालेले असताना भावंडांना एका ताटात जेवायला लावणारा थोरला भाऊ विरळा. हे लिहिताना माझी बाजू तटस्थ नाही, याची मला जाणीव आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नामिबियात दुसऱ्या विभागाची स्पर्धा होती. कॅनडाविरुद्ध नेपाळचे नऊ गडी बाद झाले तेव्हा विजय ५१ धावा दूर होता. मी मोबाइलवर बदलणारे आकडे पाहत प्रत्येक चेंडू सरांच्या पद्धतीने वहीत उतरवत होतो. करण केसी आणि सतरा वर्षांचा संदीप लामिछाने खेळत होते. करणने नाबाद ४२ धावा केल्या आणि सामना शेवटच्या चेंडूवर जिंकला. त्या पानावरची टिंबे इतकी जोरात दाबली गेली आहेत की ती मागच्या बाजूने बोटाला लागतात. पुढच्याच महिन्यात, १५ मार्चला, झिंबाब्वेत पापुआ न्यू गिनीला हरवून नेपाळने एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला, म्हणजे त्याचे असे सामने आता अधिकृत नोंदीत धरले जाणार होते. ३ ऑगस्टला अ‍ॅम्स्टलव्हीन येथे नेदरलँड्सविरुद्ध दुसराच अधिकृत एकदिवसीय सामना होता. खडकाने ५१ धावा केल्या होत्या, आणि शेवटचे षटक टाकायला तो दुसऱ्या कोणाला न देता स्वतः आला. अखेरच्या चेंडूवर शेवटचा गडी धावबाद झाला आणि नेपाळ एका धावेने जिंकले. मी सरांना फोन केला तेव्हा त्यांनी अभिनंदन करण्याआधी “ताळा जुळला का?” असे विचारले.

२६ जानेवारी २०१९ रोजी दुबईत नेपाळच्या रोहित पौडेलने संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध अर्धशतक केले, तेव्हा त्याचे वय १६ वर्षे १४६ दिवस होते. त्यापूर्वी सचिन तेंडुलकरने १९८९ मध्ये फैसलाबादच्या कसोटीत १६ वर्षे २१३ दिवसांचा असताना अर्धशतक केले होते. ध्वजवंदन आटोपून घरी आलेल्या सरांचा फोन आला, “आमच्या सचिनला तुमच्या पोराने मागे टाकले की!” इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून ‘तुमच्या’ हा शब्द मी प्रथमच ऐकला आणि तो मला, का कोण जाणे, लागला. मी गप्प राहिलो. पलीकडेही क्षणभर शांतता होती, मग सर म्हणाले, “आपल्याच पोराने म्हणायचे होते मला.” दोन दिवसांनी त्याच मैदानावर खडकाने ११५ धावा केल्या. नेपाळकडून एकदिवसीय सामन्यातले हे पहिले शतक, आणि त्यासोबत पहिला मालिकाविजयही. सप्टेंबरमध्ये सिंगापूरविरुद्ध ५२ चेंडूंत नाबाद १०६, म्हणजे टी-ट्वेंटीतलेही देशाचे पहिले शतक त्याचेच. ऑक्टोबरमध्ये निलंबन उठले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने कर्णधारपद सोडले.

३ ऑगस्ट २०२१ रोजी, अ‍ॅम्स्टलव्हीनच्या त्या विजयाला बरोबर तीन वर्षे होत असताना, खडका निवृत्त झाला. मी बेरीज मांडून सरांकडे नेली. १० एकदिवसीय सामने, ३१५ धावा. ३३ टी-ट्वेंटी सामने, ७९९ धावा. सतरा वर्षांच्या कारकिर्दीचा हा अधिकृत उतारा पाहून मला वाईट वाटले. मलेशिया, बर्म्युडा, नामिबिया यांतले त्याच्या हाताखाली मिळवलेले कितीतरी विजय ह्या आकड्यांत कोठेही नाहीत, कारण तेव्हा देशाला दर्जाच नव्हता. सरांनी चष्मा लावला, आधीची सारी पाने चाळली आणि दर्जा मिळण्यापूर्वीच्या वर्षांसमोर मी ओढलेल्या आडव्या रेघांवर बोट ठेवून म्हणाले, “शून्य लिहिले नाहीस, हे बरे केलेस.”

आता शाळेविषयी दोन शब्द. नवी इमारत देखणी आहे, परंतु जेथे आपला धावफलक उभा असे तेथे आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि दुचाक्या लागतात. खिळ्यांना टांगायच्या आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या कोठे गेल्या, ते शिपाईकाकांनाही सांगता आले नाही. मुले मोबाइलच्या अ‍ॅपवर धावा नोंदवतात, ती बेरीज आपोआप होते आणि कधीच चुकत नाही. मला त्यांचा हेवा वाटत नाही.

खडका पुढे नेपाळच्या क्रिकेट संघटनेचा सचिव झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये शारजात रोहित पौडेलच्या संघाने वेस्ट इंडिजला मालिकेत २-१ असे हरवले. पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या देशाविरुद्धचा नेपाळचा तो पहिला मालिकाविजय. ८ फेब्रुवारी २०२६ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात नेपाळचा इंग्लंडशी सामना मुंबईत वानखेडे मैदानावर आहे. मी तीन तिकिटे काढली आहेत. वडिलांचे, सरांचे आणि माझे. सरांनी एक्याऐंशी ओलांडली आहेत आणि जिन्याला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो, म्हणून मी त्यांना न्यायला टॅक्सी करणार आहे. परवा फोनवर त्यांनी सामन्याची वेळ विचारली, डबा कोण आणणार ते विचारले आणि मग म्हणाले की, पेन दोन घे, एक नेमके सोळाव्या षटकात बंद पडते.