पणजीचा पाटा

पावसाळ्यातल्या रविवारी अर्धं इंदूर पातालपाणीच्या धबधब्याला लोटतं. यंदा आमच्याबरोबर पुण्याची मामेबहीण होती. स्टेशनापासून कठड्यापर्यंत चालायचं थोडंसंच, पण मी दगड बघत रेंगाळतो. त्यामुळे माझ्यासोबत सहसा कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

समोर चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळत होती. ताई म्हणाली, "अरे, हे तर आपल्या ताम्हिणीसारखंच!" आवाजात जरा फसवणूक झाल्याचा सूर. एवढ्या लांब यायचं आणि पुन्हा तोच काळा कातळ.

मला मात्र कोण आनंद झाला. आमच्या मराठीला हिंदीचा वास येतो, हे पुण्याची मंडळी दर भेटीत ऐकवतात. कातळाबद्दल तरी आता बोलायची सोय उरली नाही! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हा नवा आला. सह्याद्री आणि माळवा, दोन्ही त्याच पसाऱ्यातले. थराचा भरीव भाग ताठ उभा राहतो. निवताना आक्रसल्यामुळे त्याला उभ्या चिरा पडतात. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला. तो लवकर झिजतो आणि कड्याला पायऱ्या पडतात. या खडकाचं 'ट्रॅप' हे नावच पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आलंय. घाटात कुठे दोन थरांमध्ये तांबूस पट्टा दिसला, तर समजावं, पुढचा लाव्हा यायला बराच उशीर झाला होता. तोवर खालच्या खडकाची ऊनपावसात माती होत राहिली.

ताईला नवल वाटलं ते पाण्याचं. हे पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला जातं. आमच्या इंदुरातल्या गच्चीवरचं मात्र कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना करत गंगेला.

"म्हणजे तुम्ही गंगेकाठचे झालात की!" ती म्हणाली. घ्या.

घरी आलो तर आई पाट्यावर चटणी वाटत होती. हा पाटा पणजीनं लग्नानंतर साताऱ्याहून रेल्वेतून आणला, असं आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. ताईनं त्याच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, एवढं ओझं कशाला वाहून आणलं हो त्यांनी?"

"तिला काय ठाऊक बाई, इथेही हाच दगड मिळतो ते," आई म्हणाली आणि वरवंटा पुन्हा उचलला.